आमची वाटचाल : फवारणी पंप ते कॅमेरा

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर या पट्ट्यात आम्ही घरांच्या तुंबलेल्या लाइनी मोकळ्या करतो. खेड्यात गटार योजना नसते. संडासाची लाइन अंगणातल्या सेप्टिक टाकीत नाहीतर शोषखड्ड्यात जाते, न्हाणीचं पाणी बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या नालीत. त्यामुळे बिघाड कंपाउंडच्या आतच असतो आणि खर्च घरधन्याच्याच माथी येतो.

सुरुवातीचं आमचं सामान म्हणजे बांबूच्या कमच्या, जाड तार, सब्बल आणि दोन घमेली. कमचीने पाणी उतरायचं, पण गाळाच्या गोळ्याला फक्त भोक पडायचं. पंधरा दिवसांत त्याच घरून परत फोन. मग हाताने फिरवायची स्प्रिंग घेतली, पुढे मोटरवरची. कापड, केसांचे गुंतवळे, सॅनिटरी पॅड ओढून काढायला आजही स्प्रिंगच लागते. साबणाचा आणि तेलाचा थर मात्र ती खरवडत नाही. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात हे फार जाणवतं. जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा पांढरा चिकट साका होतो आणि चार इंची पाइप आतून दोन इंची होऊन बसतो.

त्याला उपाय बागेतच सापडला. संत्र्याच्या फवारणीचा एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा, पंप इकडे गावोगाव असतो. त्याच्या नळीला ड्रेन नोझल लावलं की जेटिंग मशीन, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने पाइप आतून धुणारं मशीन तयार. या नोझलला पुढे एक भोक, मागे तीन-चार तिरपी भोकं. मागच्या धारा नळीला पुढे ढकलतात आणि सुटलेला गाळ मागे आणतात. म्हणून नळी नेहमी खालच्या चेंबरमधून वर, घराच्या दिशेने घालायची. वरून खाली घातली तर गाळ पुढेच रेटला जातो. दाब चौरस सेंटिमीटरला २५-३० किलो पुरतो. २०० लिटरचं पिंप दहा मिनिटांत रिकामं होतं, म्हणून आम्ही यायच्या आधी दोन पिंपं भरून ठेवायला सांगतो. फवारणीचा पंप आणि हा पंप वेगळे ठेवतो. औषधाचा अंश सेप्टिक टाकीत जाता कामा नये, आणि ही नळी परत बागेतही नको.

मशीन लावण्याआधीची पंधरा मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची. संडासाचं एकच भांडं तुंबलं असेल तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या पाणी अडून राहणाऱ्या बाकात. सगळी तुंबली असतील तर मुख्य लाइनमध्ये किंवा टाकीत. चेंबरचं झाकण उघडायचं: चेंबर भरलेलं असेल तर अडथळा पुढे, कोरडं असेल तर मागे, घराकडे. टाकी बघायला लांब काठीच्या टोकाला पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडतो. टॉवेलवर काळा डाग जिथपर्यंत चढतो तेवढा गाळ. वरची साय आणि खालचा गाळ मिळून अर्ध्या टाकीवर गेले की मैला उपसणारा टँकर बोलवायचा. पाइपात मशीन घालून उपयोग नाही. बऱ्याचदा टाकी ठीक असते आणि टाकीत उतरणाऱ्या टी-बेंडच्या तोंडाशी सायीचा कडक गठ्ठा बसलेला असतो. वाकवलेल्या सळईने तो वरूनच फोडता येतो.

वरूनच, हे मुद्दाम लिहितो. टाकीत माणूस आम्ही उतरवत नाही. २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे, आणि टाकीतला वायू वासावर ओळखता येईल या भरवशावर राहू नये: हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं. झाकणं उघडी टाकून थांबायचं, जवळपास विडी नाही. ग्राहकांनी आधी ॲसिड ओतलं असेल तर तसं सांगावं. त्यावर ब्लीचिंग पावडर पडली की क्लोरीन निघतो.

आमची निम्मी कामं मात्र चोकअपची नसतातच, ती काळ्या जमिनीची असतात. कपाशीची ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडतात. पाइप थेट काळ्या मातीवर टाकला तर जोड उघडतात, मधे पोट येतं, तिथे मैला बसतो. कडुनिंबाची नाहीतर उंबराची मुळी नेमकी त्याच उघड्या जोडातून शिरते. दहा फुटांना दोन ते तीन इंच उतार हवा, पाण्याच्या नळीने लेव्हल धरून. काळी माती चार-सहा इंच जास्त खोदून मुरूम किंवा वाळू भरायची, जोडाला सोल्युशन लावायचंच. काटकोनी एल्बोऐवजी दोन ४५ अंशांचे बेंड. पाइप जाळावर गरम करून वाकवलेला दिसला की आम्ही आधी तिथेच खोदतो.

पाइपात सोडून आतलं बघायचा कॅमेरा सगळ्यांत शेवटी आला. त्याआधी आरसा आणि टॉर्च होता, आणि सरळ लाइनीला अजूनही तोच काढतो. एका चेंबरमध्ये टॉर्च, दुसऱ्यात तिरपा आरसा. आरशात उजेडाचा पूर्ण चंद्र, म्हणजे पाइपाचा अख्खा गोल दिसला तर लाइन सरळ. अर्धाच दिसला तर पाइपला पोट आलंय, किंवा गाळ आहे. जेटिंगनंतरही अर्धाच राहिला तर खोदण्यावाचून इलाज नाही.

दोन खड्ड्यांच्या संडासात घोटाळा वेगळाच. लाइन दोन्ही खड्ड्यांकडे फुटते त्या वाय-चेंबरमध्ये एक तोंड बंद ठेवायचं असतं. गवंडी दोन्ही मोकळी सोडून जातो आणि दोन्ही खड्डे एकदमच भरतात. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद राहिला तरच आतलं खत हाताळण्याजोगं होतं. त्यात न्हाणीचं पाणी जोडलं की मुरायला जागाच उरत नाही. आणि ग्रामीण भांडं खोल उताराचं, २० मिलिमीटर पाणीपडद्याचं (वास अडवायला ट्रॅपमध्ये साठून राहणारं पाणी) असतं. दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. तिथे शहरी ट्रॅप बसवून तेवढंच पाणी टाकलं तर ते तुंबणारच.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणावळीला फोन वाढतात. घरात पाहुणे, जमिनीत पाणी, खड्डा मुरत नाही. अशा वेळी विटांचा किंवा सिमेंटच्या कड्यांचा खड्डा तळापर्यंत उपसायला आम्ही नाही म्हणतो, कारण बाहेरच्या ओल्या मातीचा दाब कड्या आत ढकलतो. वरचं पाणी कमी करून देतो, बाकी काम दिवाळीनंतर.

काम झालं की बिलाच्या पाठीवर लाइनीचा नकाशा काढून देतो: तुळशी वृंदावनापासून चेंबर किती फूट, ओट्याच्या कोपऱ्यापासून बेंड किती, खोली किती. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला बोलावलंत तरी अंगण आंधळेपणाने खोदावं लागणार नाही.