काळे काठ नेमके कोणत्या रंगाचे?

डिसेंबर सरत आला की वऱ्हाडातल्या गावोगावी लुगड्याला एकाएकी भाव येतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती. जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यक्रम ठरलेला, आणि चौथी-पाचवीतली एखादी पोरगी सावित्रीबाई होणार हेही ठरलेलं. मग तालुक्याच्या दुकानातून शिवलेली नऊवारी भाड्यानं येते. कमरेला इलास्टिक, अंगभर चमचम, काठाला प्लास्टिकची जर. पोरगी गोड दिसते, नाही असं नाही. पण दिसते ती तमाशाच्या फडावर निघाल्यासारखी.

सावित्रीबाई पुण्याच्या भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला जायच्या ते १८४८ साल. रस्त्यात लोक शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं ठेवायच्या आणि शाळेत पोचल्यावर बदलायच्या, ही हकिगत आपल्याकडे लहान पोरांनाही तोंडपाठ असते. पोशाखाचा सगळा नेम तिथंच सापडतो. ज्या बाईला कामावर पोचून लुगडं बदलावं लागतं, तिचं लुगडं रोज धुवायचं, दगडावर आपटायचं, सुती असणार. तेविसाव्या वर्षी स्वतःचा कवितासंग्रह छापून आलेली बाई असली, तरी शाळेच्या वाटेवर पैठणी नेसून कोणी निघत नाही.

आता फोटोकडे वळू. सावित्रीबाईंची म्हणून छापली जाणारी जुनी छबी धूसर आहे. भिंतीवरच्या रंगीत तसबिरीतले रंग नंतर चित्रकारांनी भरलेले. तेव्हा तसबिरीवरून रंग उचलू नये आणि कृष्णधवल फोटोवरून तर मुळीच अंदाज बांधू नये, कारण तो सरळ फसवतो. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटांना निळा उजेड चटकन कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. त्यामुळं निळं कापड फोटोत पांढरट उतरायचं आणि लाल कापड काळं. पिवळंही अपेक्षेपेक्षा गडद यायचं. कपाळावरचं कुंकू पाहा ना, जुन्या फोटोंत ते काळंभोर असतं. म्हणून बायका काळा टिळा लावत होत्या असं कोणी म्हणत नाही. मग काठ काळे दिसले की काळेच काठ शोधायला का पळायचं? ते लाल असण्याची शक्यता जास्त. आणि अंग पांढरं दिसतंय ते फिकं निळंही असू शकतं.

खात्री करायची साधी युक्ती आहे. गणपतीच्या सजावटीतला निळा जिलेटिन कागद दोन पदरी करून डोळ्यांसमोर धरावा आणि दुकानातली कापडं त्यातून पाहावीत. लाल खण काळा पडतो, आकाशी मलमल पांढरी होते. जी जोडी कागदातून फोटोसारखी दिसेल ती घ्यावी. दुकानदार विचित्र नजरेनं पाहील, तर पाहू द्यावं.

काठाची रुंदी अंदाजपंचे घेतली की सगळं बिघडतं. फोटोत पट्टी ठेवून केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजावं. मोठ्या बाईचा चेहरा साधारण १८ सेंटीमीटर भरतो. छापील प्रतीत तो १८ मिलिमीटर आला, तर एका मिलिमीटरला एक सेंटीमीटर असा सोपा हिशेब. काठ ४ मिलिमीटर दिसला म्हणजे खरा ४ सेंटीमीटर. मात्र मोजायचा खांद्याजवळचा काठ. मांडीवरचा काठ कॅमेऱ्याच्या जवळ असतो, म्हणून रुंद दिसतो. आणि सव्वाचार फूट उंचीच्या पोरीला ४ सेंटीमीटरचा काठ जड दिसतो. तिला साडेतीन पुरे.

घरच्या पेटीत आजीचं सुती लुगडं असेल तर शोध तिथंच संपला. नागपूर, उमरेड, पवनीच्या कोष्ट्यांनी विणलेली लुगडी अजून कुठंकुठं घडी करून ठेवलेली असतात. त्याला कात्री लावायची नाही, हे आजीनं सांगायच्या आधीच कबूल करून टाकावं. उंचीला जास्तीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमरेशी आतल्या बाजूनं दुमडायचा. लांबीची वाढ निऱ्यांत कोंबली तर मुठीत न मावणारा गठ्ठा होतो आणि पोरीला पाय टाकता येत नाही. त्यापेक्षा आतल्या टोकाचा एक फेरा कमरेला जास्तीचा द्यावा. करवतकाठी साडीचा मोह मात्र आवरावा. ती आपल्या मातीची, दिसायलाही देखणी, पण टसर रेशमाची. शेणामातीच्या वाटेवरची नव्हे.

लुगडं नसेल तर बनवायचं. चौथीतल्या पोरीला नऊ वार लागत नाहीत, सहा वार म्हणजे साडेपाच मीटर मलमल किंवा कँब्रिक पुरतं. पन्हा ४४ इंच आला तर ३६ वर आणावा. काठ दोन्ही बाजूंना, म्हणजे ११ मीटर. त्यासाठी पावणेतीन मीटर लाल पॉपलिन घेऊन लांबीतून ५ सेंटीमीटरच्या चार पट्ट्या काढायच्या. पाऊण-पाऊण सेंटीमीटर शिवणीत दुमडला की साडेतीनचा काठ उरतो. आडव्या फाडलेल्या पट्ट्या मशीनखाली ताणतात आणि काठ लहरी मारतो. उरलेल्या पॉपलिनमध्ये चोळी बसते.

शिवण्याआधी दोन्ही कापडं रात्रभर पाण्यात बुडवून वाळवायचीच. हे टाळलं की पहिल्या धुण्यात मलमल एकीकडे आटते, पॉपलिन दुसरीकडे, आणि काठाला कायमच्या चुण्या पडतात. लाल रंग सुटतो का तेही तेव्हाच पाहावं: ओला कोपरा पांढऱ्या फडक्यात घट्ट दाबायचा. फडकं गुलाबी झालं तर ते कापड परत करावं. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो म्हणतात, त्या भरवशावर मलमल पणाला लावू नये.

चोळीशी टेलर अडतो. "मॅडम, मागं चेन टाकून देऊ काय?" हा प्रश्न येणारच. नको म्हणावं. चेन नको, पफ बाही नको, पाठीवर गोंडे तर नकोच. बाही कोपरापर्यंत, अंगासरशी, पुढं गाठ. बगलेत तीन इंचाचा त्रिकोणी तुकडा घालायला सांगावा. तो नसला तर हात वर केल्याबरोबर शिवण उसवते, आणि पोरगी फळ्यावर लिहायचा अभिनय करणार म्हणजे हात वर जाणारच. आधी मांजरपाटाची चोळी टाचून अंगावर घालून पाहिली, तर लाल कापड वाया जात नाही.

नेसवताना इलास्टिकला शिव्या देणाऱ्यांनाही एक तडजोड करावी लागते. आत चुडीदार घालावा आणि त्यावर सुती नाडा घट्ट बांधावा. जानेवारीतली सकाळची थंडी आहे, आणि खोचायला काहीतरी हवंच. लुगडं मागून घ्यायचं, कमरेशी पुढं गाठ मारायची. पदराचं टोक पाठीमागून, उजव्या बगलेखालून डाव्या खांद्यावर आणायचं. मधे राहिलेल्या कापडाच्या निऱ्या पुढं खोचायच्या, मग मधला खालचा काठ पायांमधून मागं नेऊन कासोटा घालायचा. अंगणातली एखादी म्हातारी इथं हमखास बोलते, "गाठ सैल हाये वं माय, आधी थे पाय." म्हणजे आधी ते बघ. तिचं ऐकावं. गाठ सैल असली तर पुढचं सगळं सुंदर जमूनही भाषणाच्या मधेच लुगडं खाली येतं. सिंथेटिक कापडावर तर गाठ बसतच नाही, सरकते. पिना किती लावणार?

खळ बेताची हवी. भाताची पेज पातळ करून, गाळून, त्यात लुगडं एकदाच बुडवावं. कडक खळीत निऱ्या उभ्या राहतात आणि फोटोतला मऊ पडणारा पदर हाती लागत नाही.

टिकलीच्या पाकिटाऐवजी मेण लावून त्यावर कुंकू दाबावं. हातात पाटी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत घडी केलेलं दुसरं लुगडं. ते भाषणात एकदा बाहेर काढलं की पोशाखाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

कार्यक्रम झाल्यावर खळ धुऊन काढल्याशिवाय घडी करून ठेवू नये, खळीला कसर लागते. आणि चोळीच्या दोन्ही कडांना आत दीड-दीड इंच कापड सोडायला टेलरला सुरुवातीलाच सांगून ठेवावं; पुढच्या वर्षीची सावित्री अंगानं मोठी निघू शकते.