गॅरेजच्या दारातल्या काचा

इथे फ्लोरिडात टॅम्पाच्या बाजूला घर घेतलेलं आपलं कुणी भेटलं की हल्ली मी पहिलं विचारते, "गॅरेजच्या दाराला काचा आहेत का?" समोरच्याला वाटतं मी चोरांबद्दल बोलतेय. मी वाऱ्याबद्दल बोलत असते, आणि त्याहून जास्त आमच्या सोसायटीबद्दल. इथे तिला एचओए म्हणतात. पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मी जी काही नावं ठेवली असतील, ती सगळी मागे घेते.

2024 च्या ऑक्टोबरात मिल्टन चक्रीवादळ आलं तेव्हा आधीचं हेलीन वादळ जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. हेलीनच्या पाण्यात भिजलेले सोफे, गाद्या, फोडून काढलेल्या भिंती, सगळं किनाऱ्याकडच्या गल्ल्यांमध्ये रस्त्याकडेला ढिगांनी पडलेलं. ते उचलायची घाई चालली होती, कारण वारा सुटल्यावर तेच सामान कुणाच्या तरी खिडकीत जाऊन बसणार होतं. 9 ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन आमच्या दक्षिणेला सिएस्टा की इथे किनाऱ्यावर आलं. सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्डच्या छताच्या चिंध्या झाल्या. आम्ही खिडकी नसलेल्या मधल्या बाथरूममध्ये बसून होतो. घर वाचलं, आणि नवरा म्हणाला, आता खिडक्यांना वादळात टिकणाऱ्या काचा बसवायच्याच.

काचांचं काम सुरळीत झालं. पैसे भरपूर गेले, पण डोक्याला ताप नाही. परमिट कंत्राटदारानेच काढलं, काचा बसल्या, काउंटीचा माणूस येऊन बघून गेला.

या काचा फुटत नाहीत असा पुष्कळांचा समज असतो. फुटतात. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा चिवट थर असतो, त्यामुळे फुटल्या तरी चौकटीला धरून राहतात, भोक पडत नाही. चाचणी ऐकण्यासारखी आहे. साधारण चार किलोचा लाकडी वासा तोफेतून ताशी 55 किलोमीटरच्या वेगाने काचेवर मारतात. मग तीच तडकलेली काच 9,000 वेळा आत-बाहेर दाबून बघतात, कारण वादळात वारा तासन्‌तास हिसके देत असतो. घरात एकदा का वारा शिरला की तो आतून छप्पर वर ढकलतो आणि बाहेरचा वारा वरून ओढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. 2020 मध्ये निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे कौलं आणि पत्रे उडालेले आपण पाहिले. इथे घरं लाकडी सांगाड्याची, त्यामुळे अख्खं छप्परच जाऊ शकतं. 1992 च्या अँड्र्यू वादळात दक्षिण फ्लोरिडात असं फार झालं, आणि त्यात गॅरेजचं मोठं दार आधी आत घुसल्याच्या घटना पुष्कळ होत्या. राज्यभर एकच कडक बांधकाम नियमावली आली ती त्यानंतर दहा वर्षांनी, 2002 मध्ये. आमचं घर त्याच्या आधीचं.

काचा झाल्या, आता विम्याची सवलत घ्यावी म्हणून विंड मिटिगेशनची, म्हणजे घर वाऱ्याला कितपत तोंड देईल त्याची, तपासणी करून घेतली. ही सवलत देणं इथल्या विमा कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. तपासणारा माळ्यावर चढला, छताच्या फळ्यांचे खिळे किती अंतरावर आहेत ते मोजलं, वासे भिंतीला नुसते तिरप्या खिळ्यांनी ठोकलेत की पट्टीने बांधलेत ते पाहिलं, प्रत्येक गोष्टीचे फोटो काढले. शेवटी गॅरेजपाशी थांबला. दाराच्या वरच्या ओळीत नक्षीच्या चार छोट्या काचा. दाराच्या आतल्या बाजूला उत्पादकाचं लेबल असतं, ते आधीच्या मालकाने रंगवून टाकलेलं. लेबल नाही म्हणजे पुरावा नाही. आणि तपासणीच्या फॉर्मचा नियम असा की काच असलेल्या सगळ्या जागांमध्ये जी सगळ्यात कच्ची, तिचाच दर्जा अख्ख्या घराला. एवढ्या खिडक्या बदलल्या, त्या या चार तळहाताएवढ्या काचांमुळे शून्य. दाराला आतून उभ्या पट्ट्या लावून ते घट्ट करता येतं, पण काचेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणजे दार बदला. आम्ही बिनकाचेचं, वाऱ्याच्या दाबासाठी आणि मारासाठी प्रमाणित असलेलं पोलादी दार निवडलं आणि एचओएकडे अर्ज टाकला.

इथून पुढचं लिहिताना अजून रक्तदाब वाढतो.

अर्जाला हवं होतं : दाराचा फोटो, रंगाचा नमुना, घराचा नकाशा, कंत्राटदाराचा परवाना आणि विमा, आजूबाजूच्या घरांच्या सह्या. सगळं दिलं. ही कामं पाहणारी कमिटी महिन्यातून एकदा बसते. पहिल्या महिन्यात अर्ज 'अपूर्ण' ठरला. काय अपूर्ण, ते पत्रात नव्हतं. व्यवस्थापन कंपनीला फोन केला तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली की ते कमिटीलाच माहीत. कमिटीला ईमेल केला तर उत्तर आलं की पत्रव्यवहार व्यवस्थापन कंपनीमार्फत करावा. मग कळलं की रंगाचा नमुना हवा तो कागदावर नाही, पत्र्यावर. पत्रा दिला. पुढच्या बैठकीला पुरेसे सदस्यच आले नाहीत. त्याच्या पुढच्या बैठकीत निकाल लागला : नामंजूर. कारण? वसाहतीतल्या सगळ्या दारांना नक्षीच्या काचा आहेत, एकच दार कोरं दिसलं तर रस्त्याची शोभा जाते.

शोभा! मी बैठकीत उठून विचारलं की वाऱ्याने दार आत गेलं आणि माझ्या छपराचे तुकडे शेजारच्यांच्या खिडकीत गेले, तर ती शोभा कुठल्या रजिस्टरात लिहिणार? अध्यक्ष म्हणाले, "आपण विषयाला धरून बोलूया." तशाच काचांचं प्रमाणित दारही मिळतं, पण ते बरंच महाग आणि मागवल्यावर यायला कित्येक महिने. तोवर 1 जून उजाडला, म्हणजे वादळांचा हंगाम अधिकृतपणे सुरू.

सुटका केली ती समोरच्या घरातल्या निवृत्त आजोबांनी. प्रत्येक बैठकीला मागच्या खुर्चीत बसून ते टिपणं काढतात. त्यांनी सांगितलं की 2024 मध्ये फ्लोरिडाच्या कायद्यात, कलम 720.3035 मध्ये, वादळसंरक्षणाची भर पडली आहे. प्रत्येक एचओएने त्यासाठी स्वतःचे निकष मंजूर करायचे, आणि त्यात बसणारा अर्ज नाकारता येत नाही. यादीत शटर आहेत, मजबूत काचा आहेत, आणि गॅरेजचं भक्कम दार तर नावासकट आहे. मात्र रंग आणि शैलीबद्दल ते निकष घालू शकतात, हेही लक्षात ठेवा. म्हणून मी भांडण बाजूला ठेवून एकच ओळ लिहिली : या कलमाखाली तुम्ही मंजूर केलेले निकष मला लेखी पाठवा. रजिस्टर्ड पोस्टाने.

निकष त्यांनी केलेच नव्हते. घाईघाईने बैठक बोलावली, निकष केले, आणि माझा अर्ज एका अटीवर मंजूर : दार बदामी रंगाचं हवं. मी अर्ज बदामी रंगाचाच केला होता, पत्र्याच्या नमुन्यासकट! त्या दिवशी मला झालेला आनंद थोडा दुष्ट होता, पण झाला.

तर तुमच्यावर वेळ आली तर निकष आधी मागा, अर्ज नंतर करा. दार बसलं की लेबलचा फोटो त्याच दिवशी काढा आणि रंगाऱ्याला तिथे हात लावू देऊ नका. काचांना टेपच्या फुल्या मारून काही होत नाही, आणि दाब समान व्हावा म्हणून खिडकी उघडी ठेवायची ही तर भलतीच समजूत. वादळात आतल्या खोल्यांची दारं मात्र बंद ठेवा, एखादी खिडकी गेली तरी छपरावरचा भार कमी राहतो. काचांऐवजी पत्र्याचे शटर घेतलेत तर प्रत्येक पत्र्यावर नंबर टाका आणि मे महिन्यात एकदा लावून बघा, कारण ऐन वेळी गंजलेला नट फिरत नाही आणि दुकानात रांग असते. आणि तो तपासणीचा फॉर्म पाच वर्षं चालतो, विमा कंपनी बदलली तरी. प्रत जपून ठेवा. आमच्या कंपनीने आमची एकदा हरवली आहे.