मॅन्युअल नसलेला ओव्हन

बाणेरमधलं एक कुटुंब बेंगळुरूला निघालं होतं. त्यांचा कपाटात बसवायचा, 60 सेंटिमीटर रुंदीचा इलेक्ट्रिक ओव्हन आम्ही सहा हजारांना घेतला. बाल्कनीत दोन पावसाळे काढलेला. "मॅन्युअल होतं हो कुठेतरी," असं वहिनी शेवटपर्यंत म्हणत होत्या, पण ते काही सापडलं नाही. मागे वायर म्हणून चार बोटं लांबीचं कापलेलं शेपूट होतं. छोटा हत्ती टेम्पोत घालून तो कोथरूडला आणला आणि तिसऱ्या मजल्यावर चढवला. आई खूश. लहानपणी नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीत भाजायला न्यायची आणि परत येताना मोजल्या तर दोन-चार कमीच भरायच्या, ही तिची पन्नास वर्षांची तक्रार.

पहिल्या रात्री मला एकच उपयोगाची गोष्ट मिळाली. ओव्हनचा दरवाजा उघडला की चौकटीच्या कडेला एक छोटी चंदेरी पट्टी असते. त्यावर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 3 किलोवॅट. तीन हजार भागिले 230, म्हणजे 13 अँपिअर. मिक्सरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटात हे प्रकरण घालायचं नाही, एवढं नक्की झालं.

मागचं पत्र्याचं झाकण काढलं. आत तीन स्क्रू: तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी वायर. मल्टिमीटर घेऊन बसलो. ओव्हन कशालाच जोडलेला नव्हता, त्यामुळे निवांत मोजता आलं. हिरव्या-पिवळ्यापासून बॉडीपर्यंत शून्य ओहम, म्हणजे अर्थिंगची वायर तीच. एलिमेंटच्या, म्हणजे तापणाऱ्या नळीच्या, टोकाची एकेक वायर काढून वरच्या ग्रिलचा रोध मोजला तर 26 ओहम, खालच्याचा 53. व्होल्टेजच्या वर्गाला रोधाने भागलं की वॅट येतात, म्हणजे ग्रिल दोन हजारांचं आणि खालचं हजाराचं. बेरीज बरोबर तीन किलोवॅट. दहावीच्या भौतिकशास्त्राने माझ्यावर केलेला हा पहिलाच उपकार. एक गोष्ट मात्र मोजायची राहिली, ती पुढे येईल.

भिंतीतल्या वायरिंगला मी हात लावत नाही. सोसायटीचं काम करणारे लायसन्सवाले वायरमन काका आले. ओव्हनच्या मागे बघून म्हणाले, "ही निळी कुठली? निळा म्हणजे बी फेज." त्यांचंही बरोबर होतं. आपल्याकडे थ्री फेजमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेजचे, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरींचे रंग, काळा न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, आणि हिरवा अर्थ. पण उपकरणाच्या लवचीक वायरीत तपकिरी म्हणजे फेज आणि निळी म्हणजे न्यूट्रल. रंग बघून निळी वायर निळ्याला जोडणारा माणूस इथे बरोबर उलटं करून ठेवेल. मी माझे आकडे दाखवले, त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं, मग मान डोलावली.

मग त्यांनी ओट्याजवळचा 16 अँपिअरचा सॉकेट तपासला. फेज ते न्यूट्रल 228, चांगलं. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच यायला हवं. मीटर 90 दाखवतोय, मग 70, मग 84, आकडा एका जागी थांबेना. काकांनी मेन बंद केला, प्लेट उघडली. हिरवी वायर बॉक्समध्ये छान गुंडाळून ठेवलेली होती, कशालाच न जोडलेली. एकेक करत स्वयंपाकघरातले चारही सॉकेट उघडले. चारही तसेच. इमारत बांधली तेव्हापासून.

आमची आई फ्रिज उघडताना पायात रबरी चप्पल घालते. "झिणझिणतं," म्हणते. आम्ही सगळे हसायचो.

काकांनी डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य स्विचांच्या पेटीपासून, ओव्हनसाठी 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची लाइन ओढली, तिला 20 अँपिअरचा डबल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) लावला, सगळे अर्थ जोडले आणि घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला, जो आमच्याकडे नव्हताच. वीजबिलावरचा मंजूर भार बघून तो वाढवायचा अर्ज करायला सांगितलं. या सगळ्याचा खर्च ओव्हनपेक्षा जास्त झाला, हे आईला सांगितलेलं नाही.

स्विच ऑन. आतला दिवा लागला, घड्याळात 0.00 लुकलुकायला लागलं, आणि ओव्हन थंडगार. पाऊण तास मी थर्मोस्टॅटला शिव्या घातल्या. शेवटी भाचीने हाताच्या पंजाचं चित्र असलेलं बटण दाबलं, घड्याळ लुकलुकायचं थांबलं आणि ग्रिल लाल झालं. वीज गेली की घड्याळ टायमरवर जातं आणि 'मॅन्युअल'वर आणल्याशिवाय तापतच नाही. मॅन्युअल नसल्यामुळे 'मॅन्युअल'चं बटण कळलं नाही, असा तो विनोद.

मग नॉब खालच्या एलिमेंटवर फिरवला. खट्! घरभर अंधार. पुन्हा केलं, पुन्हा खट्. ग्रिलवर काही नाही, खालच्यावर लगेच ट्रिप. मी एलिमेंटची दोन टोकं मोजली होती. टोक ते बॉडी मोजलंच नव्हतं. मेन बंद करून आता मोजलं तर साधारण 9 हजार ओहम. म्हणजे 25 मिलिअँपिअरच्या आसपास गळती, आणि 30 चा आरसीसीबी 30 च्या थोडं आधीही पडू शकतो. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती पांढरी पूड भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. ती दमट हवेतलं पाणी ओढून घेते. दोन पावसाळे बाल्कनीत!

जुन्या वायरिंगवर हाच ओव्हन एकदाही ट्रिप न होता चालला असता. नुसती बॉडी झिणझिणली असती, आणि आम्ही आईला दुसरी चप्पल घेऊन दिली असती.

नवं एलिमेंट आणू का, असं विचारलं तर काका म्हणाले, "आधी वाळवा तरी." खालच्या एलिमेंटच्या दोन्ही वायरी काढून त्यांनी चिनीमातीच्या कनेक्टरमध्ये सुरक्षित बांधल्या आणि फक्त ग्रिलवर ओव्हन दोन तास 200 अंशांवर चालवला. ओव्हनने स्वतःचंच एलिमेंट भाजून वाळवलं. जळक्या धुळीचा वास संध्याकाळपर्यंत घरात होता. गार झाल्यावर काकांनी 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला: 5 मेगओम, म्हणजे 50 लाख ओहम. वायरी परत जोडल्या, नॉब फिरवला. काही झालं नाही. म्हणजे तापलं.

रविवारी 160 अंशांवर वीस मिनिटं नानकटाई. मागच्या रांगेतल्या तीन करपल्या, बाकीच्या बऱ्या निघाल्या. आईने सगळ्या मोजून डब्यात भरल्या आणि दूध काढायला फ्रिजकडे गेली. वाटेत थांबून पायात चप्पल सरकवली.

"आई, अर्थिंग केलंय आता."

"असू दे," म्हणाली.