कमेंटमध्ये लिहिलंय बघ

पश्चिम केनियात किसुमूच्या आसपास उसाचा पट्टा आहे. आपल्याकडं हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं. तिथं गाळप जवळजवळ वर्षभर चालू असतं. अशाच एका कारखान्यात केन कॅरियरच्या, म्हणजे ऊस मिलपर्यंत नेणाऱ्या सरकत्या वाहकाच्या, ऑटोमेशनचं उरलेलं काम संपवायला मी पुण्याहून गेलो होतो. पहिला अर्धा भाग माझ्या सहकाऱ्यानं केला होता. त्याचा व्हिसा संपला, तो परतला आणि प्रोजेक्टची फाइल माझ्या लॅपटॉपवर आली.

काम ऐकायला सोपं आहे. ऊस फोडून त्याचे तंतू करणाऱ्या फायब्रायझरच्या मोटरचे अँपिअर चढले की कॅरियर हळू करायचा, पहिल्या मिलच्या डोनेली शूटमध्ये (मिलच्या तोंडावरच्या उभ्या पन्हाळीत) ऊस भरत आला की आणखी हळू, आणि पुढं कुठं तुंबलं तर मागचं सगळं ओळीनं थांबवायचं. पण साइटवर प्रत्येक सेन्सरच्या खोड्या निराळ्या. कुणी चिखलानं फसतो, कुणी थरथरीनं. मग प्रोग्रॅममध्ये इथं दोन सेकंदांचा टायमर, तिथं एक जादा अट, असं करत करत पुण्याहून नेलेला प्रोग्रॅम महिनाभरात ओळखू येईनासा होतो. ऑफिसच्या सर्व्हरवर होती ती निघतानाची आवृत्ती. गेस्ट हाऊसचं इंटरनेट व्हॉट्सअॅपपुरतं, त्यामुळं रोज संध्याकाळी मी एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप घ्यायचो.

व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला दुपार कलली की ढग भरून येतात आणि कडकडाट सुरू होतो. त्या दिवशी बॅकअप चालू असतानाच यार्डाच्या बाजूला वीज कोसळली. पॅनेल रूममधले दिवे गेले, चार्जरमधून फट्‌कन आवाज आला आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. लॅपटॉप गेला, त्याला लावलेली डिस्कही गेली. लॅपटॉपमधली एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली, तर ती दिसायलाच तयार नाही. जुन्या फिरत्या डिस्कचं निदान सर्किट बदलून पाहता यायचं. एसएसडीचा कंट्रोलर जळला की चिपमध्ये डेटा असूनही तो वाचायचा कसा, हे साइटवर बसून सुटणारं कोडं नव्हे.

पीएलसी, म्हणजे हा प्रोग्रॅम चालवणारा कारखान्यातला कंट्रोलर, मात्र शाबूत होता. सीमेन्सचा एस७-३००, वेगळ्या यूपीएसवर. प्रोग्रॅम त्याच्या पोटात सुरक्षित. मिल चालली असती तर मी रडत-कुढत का होईना, सकाळपर्यंत थांबलो असतो. पण वीज आल्यावर कॅरियर सुरूच होईना. बटण दाबलं की पॅनेलवर एकच संदेश: 'स्टार्ट परमिसिव्ह नाही'. कुठली अट अडलीय ते प्रोग्रॅम उघडून बघायला हवं, आणि प्रोग्रॅम उघडायचा लॅपटॉप तर जळलेला.

चीफ इंजिनिअर सांगलीचे. पूर्व आफ्रिकेतल्या कारखान्यांत आपल्याकडची माणसं बरीच सापडतात. त्यांनी खिडकीतून यार्ड दाखवलं. ट्रॅक्टरांची रांग गेटाबाहेर गेली होती. "तोडलेल्या उसातली साखर तासातासाला उतरती बघ. तुला काय लागतंय ते सांग, पण पहाटेच्या आत कॅरियर फिरला पाहिजे."

त्यांच्या एका तरुण इंजिनिअरनं सुचवलं, पीएलसीतलं मेमरी कार्ड काढून रीडरमध्ये घालू आणि कॉपी करून घेऊ. मी अक्षरशः त्याचा हात धरला. हे कार्ड विंडोजला कळत नाही; ते 'फॉरमॅट करू का' असं विचारतं, आणि कुणी 'हो' म्हटलं की कार्ड पीएलसीच्या कामाचं राहत नाही. उरलासुरला प्रोग्रॅमही गेला असता.

बॉयलर विभागाच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर निघालं. केबल जोडून पीएलसीमधून प्रोग्रॅम वर ओढला, काही मिनिटांत आलाही. पण या पिढीच्या पीएलसीत लॉजिक राहतं, नावं आणि कमेंट (ओळीपुढं लिहून ठेवलेल्या टिपा) राहत नाहीत. दुपारी जिथं 'शूट लेव्हल हाय' वाचत होतो तिथं आता नुसता इनपुटचा नंबर, 'आय ४.३'. अशी पानंच्या पानं. पुण्यात तेव्हा साडेअकरा वाजले होते (केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं). ऑफिसातल्या सरांना उठवून सर्व्हरवरची जुनी फाइल मागवली आणि तिच्यातली नावं या प्रोग्रॅमला जोडली. बहुतेक ओळी पुन्हा बोलायला लागल्या. अडलेली अट मात्र बरोबर नव्या भागातली निघाली: 'आय ७.५'. जुन्या यादीत तिच्यापुढं 'स्पेअर'.

सहकाऱ्याला फोन लावला. झोपेतच म्हणाला, "अरे, तो मीच घातलाय. कशासाठी ते कमेंटमध्ये लिहिलंय बघ." यावर काय बोलणार?

पॅनेलमध्ये त्या टर्मिनलवर वायर होती, तिच्या टोकाच्या फेरुलवर नंबरही होता. पण ती वायर कुठं जाते ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं. तेवढ्यात रात्रपाळीचे वयस्कर इलेक्ट्रिशियन आले. सगळे त्यांना मझे म्हणायचे, आपण वडीलधाऱ्यांना मान देतो तसं. त्यांनी खिशातून शाळेतल्या मुलांची असते तसली रेघांची वही काढली. कडांना ग्रीसचे डाग, प्रत्येक पानावर तारीख, टर्मिनल नंबर आणि निळ्या शाईत इंग्रजी-स्वाहिली मिसळलेली एखादी ओळ. बाहेरून आलेले इंजिनिअर वायरी ओढून निघून जातात आणि मग रात्री आम्हाला शोधत बसावं लागतं, म्हणून ही वही, असं त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. बोट एका ओळीवर थांबलं. "हे घ्या, इंजिनिअर. ऑक्झिलरी कॅरियर, गार्डचं दार."

टॉर्च घेऊन चिखलातून यंत्राच्या त्या संरक्षक आवरणाच्या दाराकडं गेलो. दार बंदच होतं, पण सेन्सरचा दिवा मेलेला. केबल यार्डातून उघड्यावरून नेलेली. विजेनं तिथूनच आत शिरून त्याचा निकाल लावला असणार. सेन्सर बायपास करा आणि चालू करा, असं शिफ्टवाल्यांचं म्हणणं पडलं. मझेंनी साफ नकार दिला, आणि ते बरोबर होतं. दारापलीकडं उघडी चेन आहे. स्टोअरच्या किल्ल्या येईपर्यंत तास गेला. नवा सेन्सर लागला आणि दोनच्या सुमारास कॅरियर फिरला.

पुढचे काही दिवस मी, मझे आणि ती वही एवढंच काम. जुना आणि नवा प्रोग्रॅम शेजारी लावायचा, वेगळी दिसेल ती ओळ वहीत शोधायची, नाहीच सापडली तर प्रत्यक्ष जाऊन वायर धरून चालायचं. जवळपास सगळं जुळलं. वॉश वॉटर पंपापुढचा चार सेकंदांचा एक टायमर तेवढा कुणालाच उलगडला नाही. वहीत नाही, सहकाऱ्याला आठवत नाही. त्याच्यापुढं मी कमेंट लिहिली: 'कारण माहीत नाही. विचारल्याशिवाय काढू नये.' चीफ इंजिनिअरनी हँडओव्हरच्या कागदावर सही करताना ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "विचारायचं कुणाला?" मी मझेंचं नाव लिहून दिलं.