तुम्ही विचारलंत म्हणून : एल्डर की ओल्डर?

‘सर, एल्डर माणसांसाठी आणि ओल्डर वस्तूंसाठी, बरोबर ना?’ बरोबर नाही. कितव्यांदा सांगतोय कोण जाणे. पण हाच नियम मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो, त्यामुळे चिडायचा हक्क मला अर्धाच.

‘ही इज ओल्डर दॅन मी’ हे वाक्य माणसाबद्दलच आहे आणि बिनचूक आहे. चुकतं ते ‘ही इज एल्डर दॅन मी’. एल्डरला ‘दॅन’ सोसत नाही. तो नामाच्या आधी बसतो, ‘माय एल्डर ब्रदर’. नाहीतर ‘द’ घेऊन येतो, ‘द एल्डर ऑफ द टू’. तिघं भावंडं असली की थोरला तो एल्डेस्ट. अडलात तर ओल्डर लिहा. ‘ओल्डर ब्रदर’सुद्धा चालतं, अमेरिकेत तर तेच जास्त कानावर पडतं.

मराठी कान असेल तर ‘थोरला’ आठवा. ‘थोरला भाऊ’ म्हणतो, पण वयाचा हिशेब सांगताना ‘माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा’. इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या दोन विल्यम पिटांपैकी बाप तो ‘पिट द एल्डर’, जसे आपले थोरले माधवराव. जुळणी इथवरच. आपला थोरला वाड्यालाही लागतो, एल्डर दगडविटांना लागत नाही.

‘मग एकाच अर्थाचे दोन शब्द ठेवलेच कशाला?’ ठेवले नाहीत, उरले. जुन्या इंग्रजीच्या एका बोलीत ‘आल्ड’ म्हणजे म्हातारा आणि ‘एल्ड्रा’ म्हणजे जास्त म्हातारा. त्याच्याही आधी तुलनेच्या प्रत्ययात ‘इ’ होती. ‘आल्ड’ म्हणतानाच जीभ पुढच्या ‘इ’च्या तयारीने पुढे सरकायची आणि ‘आ’चा ‘ए’ व्हायचा. पुढे ‘इ’ झडली, ‘ए’ मागे राहिला. जर्मन आजही ‘आल्ट’, ‘एल्टर’ म्हणतात. इंग्रजीत लाँग आणि स्ट्राँगचीही अशीच रूपं होती, ‘लेंग्रा’ आणि ‘स्ट्रेंग्रा’, ती गेली. लेंग्थ आणि स्ट्रेंग्थमधला ‘ए’ मात्र अशाच एका ‘इ’ने आणलेला आहे. नंतर लोकांनी ओल्डला सरळ ‘अर’ चिकटवून ओल्डर केला. त्याने सगळा मुलूख घेतला आणि एल्डर नात्यागोत्यात शिरून बसला. लॅटर आणि लेटरचंही असंच, पण ते आज नको. (जाता जाता : एल्डेस्टमधला ‘एस्ट’ आणि ज्येष्ठ, कनिष्ठमधला ‘इष्ठ’ मूळचे एकच.)

एल्डर्ली ही मात्र एल्डरच्या पुढची पायरी नव्हे. तो वयस्कर माणसासाठी सभ्य शब्द, तुलना त्यात नाही.

राहिला गुणांचा प्रश्न. ‘ओल्डर ब्रदर’ला मी पूर्वी अर्धा गुण कापायचो. आता कापत नाही, तरी मुलांना ‘एल्डर’च लिहा म्हणतो. विसंगत आहे, मान्य. पण त्यांचा पेपर कोण तपासणार, ते मला कुठे माहीत असतं?