अडीच तासांची अमेरिका

डिसेंबरमधल्या माझ्या परतीच्या तिकिटाचा फोटो घरच्या ग्रुपवर पडला आणि आत्यानं लगेच हिशेब मांडला. मुंबईहून सुटणार चारला, सॅन फ्रान्सिस्कोला पोचणार साडेसहाला, तारीख तीच. "अगं, अडीच तास! आम्हाला साताऱ्याहून मुंबई गाठायला दुप्पट लागतात." पाठोपाठ पुण्याच्या दादाचा मेसेज: "मग दर सणाला यायला काय हरकत आहे?"

आत्या थट्टा करत होती. दादा करत नव्हता. म्हणून हे सविस्तर.

हिवाळ्यात इथलं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे चालतं. विमान सोळा तास उडतं, त्यातले साडेतेरा घड्याळ उसने देतं. घरी येताना ते व्याजासकट वसूल होतात: सोमवारी रात्री निघालं की थेट बुधवार उजाडतो, मंगळवार बहुतेक हवेतच जातो.

अंतर म्हणाल तर साधारण १३,५०० किलोमीटर. पण हे नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं नाही. दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध अंगांना आहेत. गोलावर दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवाच्या बाजूनं जातो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी इथून बंगळूरूला विमान नेलं ते ध्रुवावरूनच. इथल्या ऑफिसात मी हे किती जणांना ऐकवलंय, विचारू नका.

एरवी दोऱ्याला कोण विचारतो! वारा ठरवतो. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्लीहून इथं येणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून आणलं. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं आणि तरी ते आधीपेक्षा लवकर, साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीशी होता. आणि वाऱ्यानं सोडलं तर राजकारण धरतं. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद, एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं. पूर्वी सरळ जाणारी विमानं मग वळसा घालतात.

बाबांना हे सगळं एका दमात पटलं. एसटीत जन्म गेलाय त्यांचा. खंबाटकीत गाडी अडकली की किलोमीटरला काही अर्थ उरत नाही, हे त्यांना कोण शिकवणार? त्यांनी एवढंच विचारलं, "सोळा तासांना ड्रायव्हर किती?" चार वैमानिक असतात म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

दादाचं झालं नाही. तर दादा, माझ्या दारापासून साताऱ्याच्या दारापर्यंत दीड दिवस धर. दोन आठवड्यांच्या रजेतले पहिले चार दिवस मी पहाटे तीनला टक्क जागी असते आणि जेवताना पेंगते. सणाला येऊन मी आईच्या पुरणपोळीसमोर झोपायचं का?

आणि पुणे ते सातारा ११० किलोमीटर आहे. वाटेत ध्रुव नाही, कुणाचं आकाशही बंद नाही. गौरी-गणपतीला तू कुठं होतास?