चषकावरचा शेवटचा आकडा

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे या आठवड्यात हा जुना क्रिकेटचा चषक काळपटपणा घालवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ठेवायचा बेत होता. तो मी ऐनवेळी रद्द केला आणि त्यामुळेच त्यावर कोरलेल्या वर्षाचा अडलेला आकडा काल रात्री सुटला.

पोटावरचा इंग्रजी मजकूर ‘बॉम्बे, हिंदूज व्हर्सेस युरोपियन्स, १९०’ इथपर्यंत वाचता येत होता. शेवटच्या आकड्याचे खालचे वेटोळे शाबूत होते. वरचा भाग मात्र कुणीतरी केलेल्या बफिंगमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या घासणीत, जवळजवळ पुसला गेला होता, त्यामुळे तो सहा की आठ हे कळत नव्हते. तळाशी ‘ईपीएनएस’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) हा ठसा आहे, म्हणजे खालचा धातू जर्मन सिल्व्हर. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी अजिबात नसते. चांदी फक्त विजेच्या साहाय्याने चढवलेल्या पातळ मुलाम्यात असते आणि प्रत्येक घासणीत ती थोडी थोडी निघून जाते. पोटाच्या फुगीर भागावर आता पिवळसर झाक उघडी पडली आहे. एका कारागिराने नवा मुलामा देण्याचा आग्रह धरला होता. पण त्याआधी तो पृष्ठभाग पुन्हा घासणार आणि उरलेसुरले कोरीवकाम गमावणार, म्हणून मी स्पष्ट नकार दिला. जुन्या कोरीव चषकाला नवा मुलामा देऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

सोड्याच्या पाण्यात चांदीवरच्या काळ्या थराचे, म्हणजे सिल्व्हर सल्फाइडचे, पुन्हा चांदीत रूपांतर होते, म्हणजे काळपटपणा सगळीकडूनच जातो, अगदी कोरीव रेषांतूनही. आणि अक्षरे वाचता येत होती ती त्या रेषांत साचलेल्या काळेपणामुळेच! हे ध्यानात येताच मी चषक तसाच कोरडा ठेवला, खोलीत अंधार केला आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून वेगवेगळ्या दिशांनी सोळा छायाचित्रे घेतली. डावीकडून प्रकाश पडला तेव्हा वेटोळ्याच्या डाव्या कडेतून वर जाणारी एकच केसासारखी बारीक रेघ दिसली. आठ असता, तर वर दुसरे वेटोळे असते. खात्रीसाठी त्याच मजकुरातल्या नऊचे छायाचित्र उलटे करून त्यावर ठेवले, तर रेषेची जाडी कमी होण्याची जागासुद्धा तंतोतंत जुळली.

हा सहा महत्त्वाचा का, हे मुंबईच्या क्रिकेटची आवड असलेल्यांना वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवले. पळवणकर बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ त्या संघात होते. पुढच्या वर्षी पारशी संघासह तिरंगी स्पर्धा सुरू झाली आणि १९१२ मध्ये ती चौरंगी झाली. आकडा आठ असता, तर चषक तिरंगी स्पर्धेच्या काळातला ठरला असता. अर्थात मजकुरात महिना नाही, त्यामुळे चषक नेमका त्याच सामन्याचा आहे असे म्हणणे घाईचे होईल.

आता डाव्या कानाचा निखळत आलेला डाख पक्का करायला घेणार होतो. मात्र ही नोंद लिहिताना नववे छायाचित्र मोठे करून पाहिले, तर वर्षाच्या खाली डावीकडे आणखी एका अक्षराची शेपटी दिसते आहे. म्हणून कानाचे काम पुढे ढकलले आहे. आज रात्री पुन्हा टॉर्च आणि फक्त ती एक ओळ.